आपल्याच पेशात काम: ओंटारिओला येणाऱ्या मराठी माणसांसाठी वाटाड्या

पीआरचं, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवानगीचं, पत्र आलं की घरात पेढे येतात, आणि ते यायलाच हवेत. पण त्या पत्राने तुम्हाला कॅनडात राहण्याची आणि काम करण्याची परवानगी मिळते, स्वतःचा पेशा करण्याची नाही. पदवी, अनुभव आणि इंग्रजी बघून, गुण मोजून तुम्हाला निवडतं ते केंद्र सरकार. नर्स, इंजिनिअर, फार्मासिस्ट, वकील, शिक्षक किंवा इलेक्ट्रिशियन म्हणून परवाना देते ती प्रांतातली नियामक संस्था. केंद्राने दिलेले गुण तिच्यावर बंधनकारक नसतात. तिच्याकडे अर्ज वेगळा, फी वेगळी आणि परीक्षाही वेगळी.

ही दरी केवढी आहे ते 2021 च्या जनगणनेत दिसलं. परदेशातली पदवी घेऊन आलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक अशा कामांवर होते ज्यांना शालेय शिक्षण पुरतं. परदेशात नर्सिंगची पदवी घेतलेल्या शंभर जणांत नर्स म्हणून किंवा त्याच्या जवळपासचं काम करणारे चाळीससुद्धा नव्हते. कॅनडात शिकलेल्यांमध्ये हाच आकडा 87 च्या आसपास होता. एवढ्या माणसांचं शिक्षण कमी दर्जाचं होतं असं मी मानत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना परवान्याची वाट उशिरा कळली, आणि कळेपर्यंत घरभाडं भरण्याच्या धडपडीत हातातला पेशा सुटून गेला होता.

मी ओंटारिओ प्रांतात, टोरांटोजवळ राहते. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसोबत बसून त्यांचे अर्ज, अनुभवपत्रं आणि रेझ्युमे बघते. त्यांना जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे. त्यातल्या दोन गोष्टींवर माझा सगळा भर आहे: परवान्याचं काम भारतातून निघण्याआधी सुरू करा, आणि इथे आल्यावर पहिल्या दिवसापासून आपल्या क्षेत्राच्या आसपास राहा.

पहिली पायरी: परवाना लागतो का ते बघा

कॅनडात साधारण पाचातल्या एका नोकरीला परवाना लागतो. सॉफ्टवेअर, डेटा, मार्केटिंग, एचआर, बँकेतली बहुतेक कामं, हिशेबनीस, लॉजिस्टिक्स यांना लागत नाही. तुम्ही त्यातले असाल तर खालचा परवान्याचा भाग सोडून थेट नोकरीच्या भागाकडे जा.

एकाच क्षेत्रात दोन्ही प्रकार असतात, हे मात्र ध्यानात घ्या. ओंटारिओत परवानाधारक इंजिनिअरच्या देखरेखीखाली तुम्ही परवान्याशिवाय इंजिनिअरिंगचं काम करू शकता. कारखान्याच्या स्वतःच्या यंत्रांवर त्याच कारखान्याचा कर्मचारी म्हणून काम करायलाही तिथला कायदा सूट देतो. फक्त स्वतःच्या जबाबदारीवर नकाशावर शिक्का मारता येत नाही आणि 'प्रोफेशनल इंजिनिअर' म्हणवून घेता येत नाही. 'नर्स' हे नावही असंच राखीव आहे. लिंक्डइनवर भारतातलं पद जसंच्या तसं चढवण्याआधी हे लक्षात असू द्या. परवाना नसताना राखीव पदनाम वापरणं हा गुन्हा ठरतो.

परवाना प्रांताचा असतो, म्हणून प्रांत आधी ठरवा. मावसभाऊ कॅल्गरीला आणि मैत्रीण ब्रॅम्प्टनला अशी परिस्थिती असेल, तर कोणाच्या तळघरात स्वस्तात राहता येईल यावर निर्णय घेऊ नका. दोन्ही प्रांतांच्या संस्थांच्या अटी शेजारी शेजारी ठेवून बघा. पुढे एका प्रांताचा परवाना मिळाल्यावर दुसऱ्या प्रांतात जाणं बरंच सोपं होतं.

दुसरी पायरी: निघण्याआधीचे कागद

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे. इथे येऊन बसल्यावर कलिन्याच्या किंवा नाशिकच्या विद्यापीठातून कागद काढणं फार अवघड जातं. सासरे किंवा धाकटा भाऊ रजा काढून खिडकीसमोर उभा राहतो, आणि 'अर्जदाराचं अधिकारपत्र आणा' म्हणून परत पाठवला जातो.

पीआरसाठी 'वेस' या पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून पदवीची समतुल्यता करून घेतलेली असते, तेव्हा आता काम झालं असं बहुतेकांना वाटतं. तो अहवाल स्थलांतरासाठी असतो. परवाना देणाऱ्या संस्था पुन्हा स्वतःची तपासणी करतात, आणि विद्यापीठाकडून थेट आलेले कागद मागतात. तुमच्या हातून गेलेली प्रत चालत नाही. विद्यापीठाने लिफाफा बंद करून, चिकटवलेल्या कडेवर सही-शिक्का मारून पाठवायचा असतो, किंवा विद्यापीठाची सोय असेल तर ऑनलाइन. म्हणून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र उतारा, काढतानाच त्याचे जादा संच मागून घ्या.

कागद कुठून काढायचे यातही गोंधळ होतो. डिप्लोमा असेल तर महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ, बी.ई. असेल तर विद्यापीठ. कॉलेज बंद पडलं असलं तरी निकाल विद्यापीठाकडे असतो. आरोग्य क्षेत्रातल्या पदव्यांसाठी नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, पण ते 1998 साली स्थापन झालं. त्याआधी शिकलेल्यांना मुंबई, पुणे, नागपूर अशा आपापल्या जुन्या विद्यापीठाकडेच जावं लागतं.

आपल्या बॅचचा अभ्यासक्रमही घ्या: विषयवार, तासांसकट, थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं, कॉलेजच्या शिक्क्यासह. नर्सिंगवाल्यांनी वॉर्डनिहाय क्लिनिकलचे तास घ्यावेत. अभ्यासक्रम बदलला की जुना शोधून देणारं कोणी उरत नाही. आज कॉलेजात तुम्हाला ओळखणारे एखादे सर किंवा क्लार्क असतील, तर ते काम याच महिन्यात करून घ्या.

भारतातली नोंदणी चालू ठेवा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, राज्य फार्मसी कौन्सिल, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल यांच्याकडून 'तुमच्याविरुद्ध कारवाई नाही, नोंदणी वैध आहे' असं पत्र इथल्या संस्थेला थेट पाठवावं लागतं. 'आता परत कुठे जायचंय' म्हणून नूतनीकरण सोडून दिलं की हे पत्र मिळवताना त्रास होतो.

आता नावाबद्दल. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि बऱ्याच विद्यापीठांत शेवटी आईचं नाव छापलेलं असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचं व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईची पदवी आणि कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावावर, अनुभवपत्र आणि पासपोर्ट सासरच्या. ओंटारिओत बसलेल्या तपासनिसाला यात दोन नाही तर तीन वेगळी माणसं दिसतात, आणि फाईल महिनोन्‌महिने अडकते. मी पाहिलेल्या अडकलेल्या अर्जांत हे कारण वारंवार येतं, आणि जवळजवळ नेहमी बायकांच्या बाबतीत.

त्यावर उपाय आहे. सगळे अर्ज पासपोर्टवरच्या नावाने करा. 'आधीची नावं' हा रकाना कधीही रिकामा सोडू नका. प्रत्येक कागदावर नाव जसं छापलंय तसं, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने तिथे उतरवा. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर घ्या. नाव राजपत्रात बदललं असेल तर त्या राजपत्राची प्रत ठेवा. आणि नोटरीसमोर एक प्रतिज्ञापत्र करा, ज्यात ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं लिहून प्रत्येक नावापुढे तो कागद कोणता हे नमूद केलेलं असेल.

अनुभवपत्राचंही तसंच. आपल्याकडे एचआर जे देतं त्यात 'अमुक यांनी या तारखेपासून त्या तारखेपर्यंत आमच्याकडे काम केलं, त्यांची वागणूक समाधानकारक होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा' एवढंच असतं. इथे त्याचा काही उपयोग होत नाही. पत्रात पद, आठवड्याचे तास, पूर्णवेळ की अर्धवेळ, प्रत्यक्ष केलेली कामं, वरिष्ठांचं नाव-पद आणि त्यांच्याशी संपर्काचा कंपनीचा ईमेल हवा. इलेक्ट्रिशियनच्या पत्रात 'देखभाल विभागात काम केलं' असं लिहून चालणार नाही. 'थ्री-फेज पॅनेल बसवणं, मोटर कंट्रोलचं वायरिंग, भूमिगत केबल टाकणं, अर्थिंगची तपासणी' असं एकेक काम यायला हवं. मजकूर तुम्हीच तयार करून वरिष्ठांना द्या; ते वाचून लेटरहेडवर सही करतील. कंपनी बंद झाली असेल तर पीएफचं पासबुक, फॉर्म 16, पगाराच्या पावत्या आणि त्या वेळच्या वरिष्ठांचं शपथपत्र गोळा करा.

तिसरी पायरी: इंग्रजीची परीक्षा दुसऱ्यांदा

पीआरसाठी बहुतेक जण आयईएलटीएसची 'जनरल' परीक्षा देतात. काही नियामक संस्थांना 'अकॅडेमिक' लागते, काहींना त्यांच्या पेशासाठीची वेगळी चाचणी. निकाल साधारण दोन वर्षंच धरला जातो. तेव्हा आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणती परीक्षा, किती गुण, किती जुना निकाल चालतो ते आधी वाचा आणि मगच तारीख घ्या.

चौथी पायरी: आपल्या पेशाची वाट ओळखा

इंजिनिअरांसाठी ओंटारिओत 'प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारिओ' ही संस्था आहे. तिने मे 2023 मध्ये कॅनडातल्या एका वर्षाच्या अनुभवाची सक्ती काढून टाकली. आपल्या लोकांना याचा फार मोठा फायदा झाला आहे, आणि अजून कित्येकांना ते माहीत नाही. आता लागतो तो एकूण 48 महिन्यांचा अनुभव, आणि तो परदेशातला चालतो. पदवीची तपासणी होते, त्यात तांत्रिक परीक्षा लागू शकतात. कायदा आणि व्यावसायिक नीतीवर राष्ट्रीय परीक्षा असते. आणि अनुभव सिद्ध करायला 34 क्षमतांवर लेखी उदाहरणं द्यावी लागतात, जी तुमच्या वरिष्ठांनी किंवा सहकारी इंजिनिअरांनी खरी म्हणून तपासायची असतात.

या लेखनात हुशार माणसंही अडखळतात. आपल्याला स्वतःचं कौतुक करू नये असं शिकवलेलं असतं, म्हणून आपण लिहितो: 'आमच्या टीमने पाच मजली इमारतीचं डिझाइन वेळेत पूर्ण केलं.' परीक्षकाला यातून तुम्ही काय केलंत ते कळत नाही. तेच असं लिहा: 'तळमजल्यावर पार्किंग असल्यामुळे दोन खांब काढावे लागणार होते. मी वरच्या भिंतींचा भार हिशेबात घेऊन ट्रान्स्फर बीमचं डिझाइन आयएस 456 प्रमाणे केलं, सॉफ्टवेअरचं उत्तर हाताने पडताळलं, कातरबल जास्त येतंय हे दिसल्यावर बीमची खोली वाढवली आणि आर्किटेक्टला छताची उंची कमी होणार हे चर्चेत पटवून दिलं.' इथे परिस्थिती, निर्णय, कारण आणि परिणाम सगळं आलं. ही घमेंड नाही, तुमच्या कामाची साक्ष आहे.

सोबत इथली मानकं वाचायला घ्या. काँक्रीटसाठी सीएसए ए23.3, पोलादासाठी सीएसए एस16, आणि ओंटारिओचा बिल्डिंग कोड. आपल्याकडे भूकंप आणि वाऱ्याचा भार असतो, इथे त्यात छतावरच्या बर्फाचा भार येतो. पाया जमीन गोठते त्या थराच्या खाली न्यावा लागतो. दक्षिण ओंटारिओत ही खोली साधारण 1.2 मीटर धरतात. मुलाखतीत एवढं सहज बोलता आलं की समोरच्याच्या मनातली अर्धी शंका जाते.

परवान्याला वेळ लागणार असेल तर 'ओएसीईटीटी' या संस्थेची टेक्नॉलॉजिस्ट किंवा टेक्निशियनची मान्यता बघा. डिप्लोमावाल्यांसाठी तर ती उत्तमच आहे, पदवीधरांनीही ती कमीपणाची मानू नये.

नर्सिंगचं काम 'कॉलेज ऑफ नर्सेस ऑफ ओंटारिओ' बघतं. नाव कॉलेज असलं तरी तिथे शिकवत नाहीत, ती परवाना देणारी संस्था आहे. रजिस्टर्ड नर्ससाठी एनक्लेक्स-आरएन परीक्षा लागते, प्रॅक्टिकल नर्ससाठी 2022 पासून रेक्स-पीएन, आणि दोघींना कायद्यावरची परीक्षा. इथल्या अटी अलीकडच्या वर्षांत बऱ्याच बदलल्या आहेत, म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी आलेल्या मैत्रिणीची यादी जशीच्या तशी वापरू नका. एक अट मनात पक्की ठेवा: मागच्या 3 वर्षांत नर्स म्हणून काम केल्याचा पुरावा लागतो. तो कमी पडत असेल तर 2022 पासून इस्पितळात देखरेखीखाली काम करून हा पुरावा मिळवून देणारी योजना सुरू आहे. तिची चौकशी कॉलेजकडेच करा.

फार्मासिस्टांनी आधी 'फार्मासिस्ट्स गेटवे कॅनडा'वर नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यायचा. मग पीईबीसी या फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची कागदपत्र तपासणी, इव्हॅल्युएटिंग परीक्षा आणि क्वालिफाइंग परीक्षेचे दोन भाग. दुसऱ्या भागात समोर रुग्णाची भूमिका करणारा माणूस बसतो, त्याच्याशी बोलून त्याची अडचण ओळखायची असते. आपल्याकडे बी.फार्म. झालेले बरेच जण कंपनीत क्यूए-क्यूसीत, म्हणजे औषधांच्या गुणवत्ता तपासणीत असतात, रुग्णाशी बोलण्याची सवय नसते. तयारी तिथेच जास्त करा. डी.फार्म.वर ही वाट खुली होत नाही. आणि कंपनीतच रमणारे असाल तर टोरांटो परिसरात औषध कंपन्या आहेत, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कामाला फार्मासिस्टचा परवाना लागत नाही.

आयटीआय झालेले आणि हाताने काम करणारे लोक या चर्चेत नेहमी मागे राहतात, म्हणून मुद्दाम सांगते. 'स्किल्ड ट्रेड्स ओंटारिओ' ही संस्था अनुभवाची समतुल्यता तपासते आणि मग परीक्षा देऊ देते. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गाड्यांचा मेकॅनिक, एवढंच काय केस कापणाऱ्यालाही इथे प्रमाणपत्र सक्तीचं आहे. बांधकाम आणि देखभालीच्या इलेक्ट्रिशियनचं प्रशिक्षण इथे साधारण 9000 तासांचं धरतात, म्हणून अनुभवपत्रात तास लिहायलाच हवेत. वर कामांची यादी द्या म्हटलं ते याचसाठी.

वकिलांना 'नॅशनल कमिटी ऑन अ‍ॅक्रेडिटेशन'कडे पदवी तपासून घ्यावी लागते. ती सांगेल त्या विषयांच्या परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचं, मग परवाना देणाऱ्या लॉ सोसायटीच्या परीक्षा आणि वकिलाच्या हाताखाली उमेदवारी. शिक्षकांनी एक गोष्ट तपासावी: ओंटारिओत 2015 पासून शिक्षक प्रशिक्षण चार सत्रांचं आहे, आणि आपल्याकडे त्याआधीचं बी.एड. एका वर्षाचं होतं. तुमच्या बाबतीत ही अट कशी लागते ते 'ओंटारिओ कॉलेज ऑफ टीचर्स'ला अर्जाआधी विचारा.

डॉक्टरांची वाट सगळ्यात खडतर आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडाची पहिली परीक्षा भारतात राहून देता येते, ती तिथूनच द्या. खरी अडचण पुढे रेसिडेन्सीच्या, म्हणजे इस्पितळातल्या प्रशिक्षणाच्या, जागांची आहे. बाहेर शिकलेल्यांसाठी त्या मोजक्या असतात. फॅमिली डॉक्टर म्हणून स्वतंत्रपणे काम केलेल्यांसाठी 2023 पासून 'प्रॅक्टिस रेडी ओंटारिओ' हा वेगळा मार्ग आहे. नवरा-बायको दोघंही डॉक्टर असाल आणि भारतात प्रॅक्टिस चांगली चालू असेल, तर किमान पहिली परीक्षा पास झाल्याशिवाय ती बंद करू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

पाचवी पायरी: पहिली नोकरी क्षेत्राच्या आसपासची

आल्या आल्या पैसे हवे असतात, आणि गोदामातली नोकरी आठवड्यात मिळते. ती घेण्यात कमीपणा नाही, घर चालवणाऱ्या कुठल्याच कामात नसतो. पण तिथे रात्रपाळी करून अभ्यासाला बसणं शरीराला झेपत नाही, आणि रेझ्युमेवर पहिलं कॅनडियन काम म्हणून तेच दिसतं. त्याच पगारात किंवा थोड्या कमी पगारात आपल्या क्षेत्राच्या जवळचं काम मिळत असेल तर ते घ्या.

नर्सने वृद्धांच्या निवासात पर्सनल सपोर्ट वर्करचं, म्हणजे रोजच्या व्यवहारात मदत करणाऱ्या सेविकेचं, काम बघावं. तिथली भाषा, नोंदी ठेवण्याची पद्धत, नातेवाइकांशी बोलणं हे सगळं कानावर पडतं. फार्मासिस्टने औषधाच्या दुकानात असिस्टंट म्हणून उभं राहावं. सिव्हिलवाल्याने एस्टिमेटर, साइट इन्स्पेक्टर, कॅड टेक्निशियन. वकिलाने लॉ क्लर्क. पॅरालीगलला मात्र ओंटारिओत परवाना लागतो. शिक्षकाने शाळेत सहायक किंवा जेवणाच्या सुट्टीतली देखरेख. डॉक्टरने क्लिनिकल रिसर्चमधलं समन्वयाचं काम.

रेझ्युमे दोन पानांचा ठेवा. त्यात फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव, धर्म काहीही नको. मोठ्या भारतीय कंपन्यांची नावं इथे प्रत्येकाला माहीत नसतात, म्हणून कंपनी काय बनवते आणि केवढी आहे ते अर्ध्या ओळीत लिहा. लाख-कोटींचे आकडे डॉलरमध्ये आणि मिलियनमध्ये द्या.

ओळखीही क्षेत्रातल्या जोडा. मराठी भाषिक मंडळ, टोरांटो यांच्या गणपतीला जरूर जा, पण तिथे आरती आणि प्रसाद झाला की आपल्या पेशातलं कोण आहे ते विचारा. 'नोकरी देता का' असं विचारलं की माणूस अवघडतो. 'तुम्ही परवाना कसा मिळवलात, वीस मिनिटं फोनवर बोलाल का' असं विचारलं की बहुतेक जण आनंदाने बोलतात. टोरांटो भागात 'ट्रीक' ही संस्था नव्याने आलेल्या व्यावसायिकांना त्याच क्षेत्रातला मार्गदर्शक जोडून देते, तिथेही नाव नोंदवा.

घरातल्या दोघांचा विचार

याला पायरीचा क्रमांक देता येत नाही, पण मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कुटुंब आलं की आधी नवऱ्याचं बस्तान बसू दे, मुलं शाळेत रुळू देत, मग तिचं बघू असं ठरतं. वाईट हेतूने कोणी ठरवत नाही. पण ती नर्स असेल तर वरचा 3 वर्षांचा नियम तोवर उलटून जातो. इंग्रजीचा निकाल जुना होतो, कौन्सिलची नोंदणी सुटते, आणि दहा वर्षं आयसीयू सांभाळलेली बाई दुकानात काउंटरवर उभी राहते.

बसून दोघांच्या अटी कागदावर मांडा. कुणाची कोणती मुदत आधी संपते ते बघा, आणि ज्याची आधी संपते त्याचा परवाना आधी. पुष्कळ घरांत ते नाव बायकोचं निघतं. मग पहिली काही वर्षं नवऱ्याने मुलांचं आणि स्वयंपाकाचं जास्त बघावं. आजी-आजोबा मदतीला येणार असतील तर ते बाळंतपणासाठीच का, परीक्षेच्या महिन्यांसाठीही येऊ शकतात.

'कॅनडियन अनुभव आहे का?'

हा प्रश्न इथे आलेल्या प्रत्येकाला टोचतो. कायदा हळूहळू तुमच्या बाजूने सरकतो आहे, तो माहीत असू द्या. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने 2013 मध्येच असा आग्रह सकृद्दर्शनी भेदभाव ठरतो अशी भूमिका घेतली. 2021 च्या कायद्याने आरोग्याबाहेरच्या नियामक संस्थांना परवान्यासाठी कॅनडियन अनुभव मागायला मनाई केली. 1 जानेवारी 2026 पासून 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना जाहीर नोकरीच्या जाहिरातीत ही अट घालता येत नाही. त्याच नियमांनुसार जाहिरातीत पगाराचा अंदाज द्यावा लागतो, आणि मुलाखत झालेल्या उमेदवाराला निर्णय झाला की नाही ते 45 दिवसांत कळवावं लागतं.

तरीही मुलाखतीत कोणी विचारलंच तर खजील होऊ नका. विचारणाऱ्याला खरं तर इथले नियम आणि इथली कामाची पद्धत तुम्हाला कळेल का, ही काळजी असते. तिला थेट उत्तर द्या: कोणतं मानक वाचलंय, कोणता सुरक्षिततेचा कोर्स केलाय, भारतात परदेशी ग्राहकासोबत कसं काम केलंय.

पैसे आणि मोफत मदत

परवान्याचा खर्च डोळ्यांसमोर ठेवून वेगळा काढा: तपासणी, परीक्षा, कुरिअर, भाषांतर, पुन्हा परीक्षा. 'विंडमिल मायक्रोलेंडिंग' ही धर्मादाय संस्था शिकून आलेल्या स्थलांतरितांना यासाठीच 15,000 डॉलरपर्यंत कमी व्याजाचं कर्ज देते, आणि इथला क्रेडिट इतिहास, म्हणजे उधारी फेडल्याची नोंद, नाही म्हणून दारातून परत पाठवत नाही. क्रेडिट कार्डावर फी भरण्याआधी तिथे अर्ज करा. परवाना परीक्षांच्या काही फीवर आयकरात सवलत मिळते, पावत्या जपून ठेवा.

पीआर असलेल्यांना सेटलमेंट संस्थांची, म्हणजे नव्याने आलेल्यांचं बस्तान बसवून देणाऱ्या संस्थांची, मदत मोफत आहे. कॉलेजांमध्ये पेशानुसार इंग्रजीचे मोफत वर्ग आणि परवान्यासाठी कमी पडणारा भाग भरून काढणारे, सरकारी मदतीचे ब्रिजिंग कोर्स असतात. नवं मास्टर्स करायला धावण्याआधी हे कोर्स बघा. परवान्यासाठी नेमका कोणता विषय कमी आहे हे संस्थेने लेखी कळवल्याशिवाय महागडी पदवी घेऊ नका. तिने इथली नोकरी मिळायला मदत होईलही, पण परवान्यात ती मोजली जाईलच असं नाही. आणि 'परवाना आम्ही काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटला एक डॉलरही देऊ नका. कुठल्याही नियामक संस्थेकडे अर्ज स्वतः करता येतो, आणि निर्णय एजंटच्या हातात नसतोच.

नकार आला तर

पत्र आल्या दिवशी काही करू नका. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वाचा. बऱ्याचदा ते 'नाही' नसतं. 'हे दोन विषय कमी आहेत', 'हा कागद पोचला नाही' एवढंच असतं. कागद पोचला नसेल तर कुरिअरचा ट्रॅकिंग क्रमांक आणि विद्यापीठाची पावती जोडून ईमेल करा. फोनवर बोललात तरी नंतर तेच ईमेलने लिहा, म्हणजे नोंद राहते.

खरंच नकार असेल तर कारण लेखी मागा. 2006 च्या ओंटारिओच्या कायद्याने नियामक संस्थांना लेखी कारणं द्यावी लागतात, फेरतपासणीची सोय ठेवावी लागते, आणि तुमच्या अर्जाची फाईल तुम्हाला बघता येते. फाईल मागवाच. तुमचे कागद कोणत्या नावाखाली लागलेत, कोणता विषय कशाशी जुळवलाय हे तिथे दिसतं. आरोग्य पेशांमध्ये कॉलेजच्या, म्हणजे त्या पेशाच्या नियामक संस्थेच्या, नोंदणी समितीने अर्ज नाकारला तर नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत 'हेल्थ प्रोफेशन्स अपील अँड रिव्ह्यू बोर्ड'कडे जाता येतं. इतर पेशांची मुदत पत्रातच लिहिलेली असते. 'फेअरनेस कमिशनर'चं कार्यालय वैयक्तिक प्रकरणात निकाल देत नाही, ते संस्थांच्या पद्धतींवर लक्ष ठेवतं. तरी तिथे तुमचे हक्क काय ते समजावून घेता येतं.

मुदतीची तारीख कॅलेंडरवर टाका, आणि फेरतपासणीचा अर्ज कुरिअरच्या भरवशावर शेवटच्या आठवड्यापर्यंत ठेवू नका.